फोमची कडा गळालेले वूफर आणि ताठरलेली कापडी कडा: दुरुस्ती कशी व कितपत करावी?

जांबोटीकर

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचे कौलारू घर आहे आणि तेथे वडिलांनी हौसेने घेतलेल्या स्पीकरच्या दोन जोड्या आहेत. पहिली जोडी १९९० च्या सुमाराची असून तीत ८ इंची वूफर (खालच्या स्वरांचा) आणि कापडी डोमचा ट्वीटर (वरच्या स्वरांचा) आहे. वूफरच्या कोनाभोवती, म्हणजे आवाज काढणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पडद्याभोवती, काळ्या फोमची कडा होती. दुसरी जोडी त्याहून जुनी, पूर्ण बंद पेटीची, १० इंची वूफरची आहे आणि तिच्या कोनाला चुण्या घातलेल्या कापडाची कडा आहे. वडील आता फारसे घराबाहेर पडत नाहीत, पण संध्याकाळी कुमार गंधर्वांचे गाणे ऐकल्यावाचून त्यांना चैन पडत नाही. कुमारांचा जन्म आपल्याच सुळेभावीचा, याचाही त्यांना मोठा अभिमान आहे. त्यामुळे या पेट्या टाकून नव्या घेण्याचा विचार आमच्या घरात कोणी करणार नाही.

या पावसाळ्यानंतर जाळी काढून पाहिले तेव्हा फोमची कडा बोट लावताच चिकट भुकटी होऊन खाली पडली. दोन्ही वूफरची तीच गत आहे, मात्र डावीकडचा डग्ग्याच्या मींडीवर घरघरतो आणि उजवीकडचा अजून घरघरत नाही. कापडी कडेची जोडी वरून पाहता शाबूत आहे. तरीही तिचा खालचा आवाज पूर्वीच्या मानाने बारीक झाला आहे, आणि कोन हलके दाबून पाहिला तर एक वूफर दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे ताठ लागतो. पहिल्या जोडीचे ट्वीटरही मंद झाल्यासारखे वाटतात.

बेळगावच्या बाजारात दोन ठिकाणी विचारले. एकाने कोन, कॉइल, स्पायडर (कोनाला मागून धरणारी नाळ्यांची चकती) असे सगळे काढून नवे भरून देतो असे सांगितले. दुसऱ्याने गळालेल्या कडेच्या जागी पातळ कापडाची पट्टी रबरी गोंदाने चिकटवून वर गोंदाचाच हात देण्याचा सल्ला दिला. यांपैकी कोणता मार्ग धरावा, की तिसराच काही आहे? ताठरलेली कापडी कडा पुन्हा मऊ करता येते का? आणि आमच्याकडच्या दमट हवेत पुढची काळजी कशी घ्यावी? वूफर दर काही वर्षांनी अर्धा फिरवून बसवावा असेही वाचनात आले. त्याचा खरोखर उपयोग होतो का?

अनगोळ_श्रोता

जांबोटीकर, सर्वात आधी एक विनंती: कडा गळालेले दोन्ही वूफर वाजवणे आजच थांबवावे. कडा नसली की कोनाला मध्यावर धरून ठेवायला एकटा स्पायडर उरतो आणि कोनाच्या तळाशी असलेली व्हॉइस कॉइल मॅग्नेटच्या फटीत एका बाजूला कलते. या फटीत कॉइलच्या आतबाहेर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच मोकळी जागा असते, म्हणून आपल्याला ऐकू येणारी घरघर बहुधा कॉइल घासल्याचीच आहे. ती तशीच घासत राहिली तर तारेवरचे इनॅमल निघते, वेढे एकमेकांना भिडतात, आणि आज जे काम केवळ कडा बदलून भागणार आहे ते कॉइल बदलण्यापर्यंत जाते.

मल्टिमीटर असेल तर दोन्ही वूफरचा रोध मोजून पाहावा. ८ ओहम म्हणून विकल्या गेलेल्या वूफरचा रोध मीटरवर साधारण साडेपाच ते सातच्या दरम्यान येतो, ४ ओहमच्या वूफरचा तीन ते साडेतीनच्या आसपास. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर कॉइल वाचलेली आहे असे धरून पुढे जायला हरकत नाही. आकडा खूप कमी असेल, किंवा काहीच न दाखवता मीटर मोकळे राहत असेल, तर मग गोष्ट वेगळी. मात्र त्या दुसऱ्या प्रसंगी कोनापासून पत्र्याच्या टोकापर्यंत येणारी विणलेली तार तुटलेली नाही ना हेही पाहावे, कारण वर्षानुवर्षे हलून ती टोकाशी झिजते आणि दोष कॉइलवर येतो.

फोम का गळाला याचे कारण बऱ्याच अंशी आपल्या हवेत आहे. त्या काळच्या बहुतेक फोमच्या कडा पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनच्या असत. या पदार्थाच्या साखळीतले एस्टर बंध हवेतल्या बाष्पाने तुटतात, तुटताना आम्ल तयार होते, आणि ते आम्ल पुढची तूट आणखी वेगाने घडवून आणते. ऊन आणि हवेतला ओझोन यांची त्यात भर पडते. त्यामुळे पेटी रोज वाजली की वर्षानुवर्षे झाकून ठेवली याने फारसा फरक पडत नाही. साधारण पंधरा-वीस वर्षांत अशी कडा संपते. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस पाहता आपल्या घरी ती लवकर जाणार, अथणीकडच्या कोरड्या हवेत थोडी अधिक टिकणार, एवढाच काय तो फरक. ही वापराची चूक नाही, त्या पदार्थाचे आयुष्यच तेवढे होते.

आता सल्ल्यांविषयी. कोन आणि कॉइल सरसकट बदलण्याला माझा ठाम विरोध आहे. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये जी रचना मांडली तीच आजही आपल्या पेटीत आहे: चुंबकाच्या फटीत कॉइल, तिला जोडलेला कोन, आणि त्याला जागेवर परत आणणारी स्प्रिंग. ही स्प्रिंग म्हणजे कडा आणि स्पायडर या दोघांचे मिळून काम. हलणाऱ्या भागाचे वस्तुमान आणि या स्प्रिंगची ताठरता यांवरून ड्रायव्हरची (वूफरसारख्या सुट्या युनिटची) नैसर्गिक अनुनाद वारंवारता, म्हणजे ज्या स्वराला तो सर्वात सहज हलतो ती वारंवारता, ठरते, आणि तिच्यावर पेटीचे आकारमान, पेटीला हवेची नळी असल्यास तिची लांबी, क्रॉसओव्हरचे (खालचे-वरचे स्वर वूफर-ट्वीटरमध्ये वाटून देणाऱ्या मंडलाचे) घटक हे सगळे बेतलेले असते. ऑस्ट्रेलियात १९६१ मध्ये नेव्हिल थील यांनी आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हे नाते गणितात बसवून दाखवले. बाजारात तयार मिळणारा कोन मूळ कोनापेक्षा जड असेल, कॉइलचे वेढे आणि उंची निराळी असेल, स्पायडर अधिक ताठ असेल, तर बाहेरून तोच दिसणारा वूफर आतून दुसराच झालेला असतो, आणि वडिलांना ज्या आवाजाची सवय आहे तो त्या पेटीतून पुन्हा निघत नाही. मूळ कोन व कॉइल चांगली असताना ती काढून टाकणे हे नुकसान आहे असे मी मानतो.

म्हणून फक्त फोमची कडा बदलावी. तयार कडा मिळतात, पण ८ इंच या आकड्यावर विसंबून मागवू नयेत. चौकटीवर जिथे कडा चिकटते त्या वर्तुळाचा आतला व बाहेरचा व्यास, कोनाच्या काठाचा व्यास आणि मधल्या गोलाईची रुंदी, अशी मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत. कोनाला चिकटणारी पट्टी सपाट आहे की कोनाच्या उताराप्रमाणे तिरकी, आणि मूळ कडा कोनाच्या पुढून चिकटवली होती की मागून, हेही जुने अवशेष खरवडण्यापूर्वी लिहून ठेवावे. एकदा साफ केल्यावर ते कळायला मार्ग राहत नाही.

जुना फोम आणि गोंद काढण्याचे काम सर्वात वेळखाऊ आहे आणि सगळ्या दुरुस्तीचा टिकाऊपणा त्यावरच अवलंबून असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर थोडेथोडे घेऊन, नखाने किंवा बोथट पट्टीने, कागदी कोनाचा काठ न सोलता काढत जावे. ॲसिटोन वापरू नये. चिकटवण्यासाठी सावकाश सुकणारा, सुकल्यावर लवचीक राहणारा पांढरा गोंद मला सर्वात सोयीचा वाटतो, कारण तो कडा मध्यावर आणायला अवधी देतो. सिलिकॉनचा जो प्रकार सुकताना व्हिनेगरसारखा वास देतो तो या कामात मुळीच नको. त्यातून निघणारे ॲसेटिक आम्ल तांब्याला खाते.

कडा प्रथम कोनाला चिकटवून पूर्ण सुकू द्यावी आणि मगच चौकटीला लावावी. या दुसऱ्या टप्प्यावर कॉइल मध्यावर आणण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत कोनाच्या मधली डस्ट कॅप (धूळ अडवणारी टोपी) काळजीपूर्वक कापून कॉइल आणि मधला खांब यांच्यामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या सर्व बाजूंनी सरकवतात. आपल्याकडचे कारागीर जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या वापरतात आणि त्या उत्तम काम देतात. दुसऱ्या पद्धतीत डस्ट कॅपला हात न लावता, गोंद ओला असताना २५ ते ३० हर्ट्झचा शुद्ध स्वर अगदी हळू आवाजात वाजवतात, कान जवळ नेऊन घासण्याचा आवाज येतो का ते ऐकतात आणि कडा अंशाअंशाने सरकवून तो पूर्ण जाईल तेथे स्थिर करतात. आपल्या वूफरचे स्पायडर खचलेले नसतील तर दुसरी पद्धत पुरेशी आहे.

डस्ट कॅप कापावीच लागली तर जागा नीट निवडावी. आपले बेळगाव ओतकामाचे शहर आहे. उद्यमबागेच्या परिसरात किंवा ग्राइंडर चालतो अशा कोणत्याही शेडमध्ये हवेत लोखंडाची बारीक पूड असते, आणि उघडी पडलेली फट ती पूड ओढून घेते. एकदा आत गेलेली पूड साध्या फुंकरीने निघत नाही, जाड कागदाला चिकटपट्टी लावून ती फटीतून पुन्हा पुन्हा फिरवावी लागते. कॅप काढताक्षणी फटीवर चिकटपट्टी लावून ठेवणे केव्हाही बरे.

निपाणी_साउंड

अनगोळकर काकांनी जे लिहिले आहे त्यातील बहुतेक मला मान्य आहे, परंतु दोन बाबतींत माझे मत थोडे वेगळे आहे. आमचा मंडप आणि स्पीकरचा व्यवसाय आहे, त्यामुळे गणेशोत्सवापासून भजनी सप्ताहापर्यंत वापरले जाणारे ड्रायव्हर सतत हाताखालून जातात.

कापडाची पट्टी आणि रबरी गोंद हा उपाय मी सरसकट वाईट म्हणणार नाही. देवळातल्या कॉलम स्पीकरमध्ये कीर्तन आणि निवेदन एवढेच ऐकायचे असते, तेथे अशी पट्टी वर्षानुवर्षे चालते, खर्च नाममात्र येतो आणि गावातच काम होते. आपल्या वूफरला मात्र तो उपाय चालणार नाही. गोंदाचा प्रत्येक हात कडेला ताठ करतो आणि कोनाच्या काठावर वजन वाढवतो. ताठरपणाने खालचे स्वर जातात, आणि पट्टी सगळीकडे सारखी नसली तर मोठ्या हालचालीत कोन एका बाजूला झुकतो. उघड्या मैदानात ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही, बंद खोलीत तानपुरा ऐकताना मात्र लगेच कानाला खटकते.

दुसरी बाब रबराची. जांबोटीच्या हवेत पुन्हा फोमच लावला तर दहा-पंधरा वर्षांनी हेच काम परत निघणार आहे. ब्यूटाइल रबराची कडा बाष्पाने गळत नाही, आणि त्याच मापात ती मिळत असेल तर मी ती लावण्याचा विचार अवश्य करीन. ती फोमपेक्षा जड असते हे मला माहीत आहे. पण घरातल्या माणसांना पुन्हा पुन्हा पेटी उघडणे शक्य नसेल तर थोडा बदललेला आवाज पत्करून टिकाऊपणा घेणे हाही समंजस निर्णय असू शकतो.

कारागिरांविषयीही सांगणे आवश्यक आहे. बेळगावात, कोल्हापुरात आणि हुबळीत चांगले हात असलेले कारागीर आजही आहेत, पण मंडपवाल्यांचे काम त्यांच्याकडे इतके येते की समोर आलेला प्रत्येक ड्रायव्हर संपूर्ण भरून देण्याचीच त्यांना सवय झालेली असते. आमच्या कामात ते बरोबरही आहे, कारण आमचे ड्रायव्हर कडेमुळे सहसा जातच नाहीत. त्यांची कडा लेप दिलेल्या कापडाच्या चुण्यांची असते आणि ती खूप टिकते. जळते ती कॉइल, कारण अँप्लिफायर क्षमतेबाहेर ताणून लाटेची टोके कापली जाईपर्यंत चालवला जातो. भोंग्याच्या युनिटमध्ये तर डायाफ्राम आणि कॉइल एकत्रच बदलायची सोय असते. घरगुती वूफर घेऊन गेल्यावर "फक्त कडा बदलायची आहे, कोन आणि कॉइल हीच राहिली पाहिजे" असे स्पष्ट सांगावे, कडा आपणच मोजून नेऊन द्यावी, आणि काम समोर बसून करून घ्यावे. चांगला कारागीर याला नकार देत नाही.

शहापूर_ध्वनी

रबराच्या प्रश्नावर माझे मत अनगोळकरांकडे झुकते. जड कडेने हलणारे वस्तुमान वाढते, म्हणजे वूफरचा आवाज किंचित कमी होतो. ट्वीटर मात्र पूर्वीइतकाच वाजतो आणि दोघांचा तोल बदलतो. १२ इंची जड कोनाला तेवढ्याने काही होत नाही, पण ८ इंची हलक्या कागदी कोनाला होते. तरीही टिकाऊपणाचा मुद्दा खरा आहे. जुन्या पॉलिएस्टर फोमच्या जागी पॉलिईथर जातीच्या फोमची कडा मिळाली तर ती बाष्पाला सहजी दाद देत नाही. मागवताना हा प्रश्न आवर्जून विचारावा. एक मात्र नक्की, पुढच्या वेळेसाठी म्हणून जादा कडा आणून कपाटात ठेवू नयेत, कारण फोम कपाटातही तसाच म्हातारा होतो.

कापडी कडेच्या जोडीविषयी अजून कोणी लिहिले नाही, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या घरातली अधिक मोलाची जोडी तीच आहे. पूर्ण बंद पेटीत हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरण्याची कल्पना एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत प्रत्यक्षात आणली. अशा वूफरची स्वतःची स्प्रिंग मुद्दाम अतिशय सैल ठेवलेली असते, आणि कोनाला परत आणण्याचे बहुतेक काम पेटीतली कोंडलेली हवा करते. म्हणूनच या जातीत कडा ताठ झाली की परिणाम लगेच ऐकू येतो, आणि कडेतून हवा झिरपू लागली तरीही येतो, कारण मग ती हवेची स्प्रिंगच राहत नाही. कापडावर कारखान्यात दिलेला लेप हा हवा अडवण्यासाठी असतो. तो काळाने काही वेळा वाळून कडक होतो, काही वेळा विरून कापड सच्छिद्र करतो.

झिरपते का हे पाहणे सोपे आहे. दोन्ही हातांची बोटे कोनावर समोरासमोर ठेवून तो सारखा आत दाबावा आणि सोडावा. पेटी घट्ट असेल तर कोन सावकाश परत येतो. झटकन परत आला तर कुठेतरी गळती आहे. कडेवर दोष देण्यापूर्वी वूफरखालचे गॅस्केट आणि मागच्या तारांची जोडणी तपासावी, कारण बरेचदा हवा तिथूनच जाते.

ताठरपणा मात्र हाताने दाबून नीट कळत नाही, तो मोजावा. वूफर पेटीतून काढून उभा, मोकळ्या हवेत धरावा. अँप्लिफायर आणि वूफर यांच्यामध्ये १ किलोओहमचा रोध एकसरीत जोडावा, मोबाइलवरच्या स्वरजनकातून २० हर्ट्झपासून वर हळूहळू जावे, आणि वूफरच्या दोन टोकांमधला एसी व्होल्टेज पाहत राहावे. ज्या वारंवारतेला तो सर्वाधिक होतो तीच अनुनाद वारंवारता. व्होल्टेज एका व्होल्टच्याही अंशात असल्याने मीटरला एसीची लहान श्रेणी हवी. स्वस्त मीटरमध्ये ती २०० व्होल्टपासूनच सुरू होते आणि त्याने हे काम होत नाही. दोन्ही वूफरची तुलना करावी. मूळ आकडा माहीत नसला तरी डावे-उजवे यांच्यातील तफावत पुष्कळ सांगून जाते.

वूफर अर्धा फिरवण्याबद्दल आपण विचारले होते. कोन आडवा, आकाशाकडे किंवा जमिनीकडे तोंड करून ठेवला तर तो स्वतःच्या वजनाने किती खचेल हे त्याच अनुनादावरून काढता येते: ९.८ ला वारंवारतेच्या ६.२८ पटीच्या वर्गाने भागावे, उत्तर मीटरमध्ये येते. २५ हर्ट्झच्या सैल वूफरला ते सुमारे ०.४ मिलिमीटर, ४० हर्ट्झच्या वूफरला सुमारे ०.१५ मिलिमीटर येते. हा झोल तत्काळचा झाला. वर्षानुवर्षे तसेच पडून राहिल्यास कापड आणि राळ सैलावून तो वाढतो. म्हणून सुटे वूफर मॅग्नेटवर किंवा तोंडावर आडवे ठेवून साठवू नयेत, उभे ठेवावेत. पेटीत बसवलेल्या वूफरमध्ये वजन बाजूला येते आणि कॉइल खाली उतरू पाहते. जड कोनाचा वूफर काही वर्षांनी अर्धा फिरवल्याने हे संतुलित होते. तुमच्या ८ इंचीला याची गरज नाही, १० इंचीला मात्र आता काढलेच आहेत तर फिरवून बसवावेत.

जांबोटीकर

सर्वांचे मनापासून आभार. चांगला मीटर एका परिचितांकडून आणून मोजमाप केले. ८ इंची वूफरचे रोध ६.१ आणि ६.२ ओहम आले, म्हणजे कॉइल वाचल्या आहेत असे दिसते. कडेची मापे घेतली असून ती मूळची कोनाच्या मागून चिकटवलेली होती. कारागिराकडून फक्त कडा बदलून घेण्याचे ठरवले आहे आणि पॉलिईथर फोमसाठी विचारणा सुरू केली आहे.

कापडी जोडीत डाव्या वूफरचा अनुनाद ३१ हर्ट्झ आणि उजव्याचा ४३ हर्ट्झ आला. पेटीत बसवून दाबल्यावर दोन्ही कोन सावकाश परत येतात. उजव्याच्या चौकटीतून आत पाहिले असता स्पायडरवर पांढुरकी बुरशी दिसते, डाव्यावर ती नाही. यावर पुढे काय करावे? वाहनाच्या ब्रेकचे तेल कडेला लावल्यास ती मऊ होते असे एकाने सुचवले आहे. ट्वीटरविषयीही मार्गदर्शन हवे होते.

शहापूर_ध्वनी

ब्रेकचे तेल कृपया लावू नये. त्यातील ग्लायकॉलमुळे काही लेप खरोखर मऊ होतात, पण ते तेल कडेतच थांबत नाही; कापडातून कोनाच्या काठाकडे आणि गोंदाकडे पसरत राहते, रंग सोडवते, आणि एकदा मुरल्यावर परत काढता येत नाही. जो उपाय मागे घेता येत नाही तो इतक्या जुन्या ड्रायव्हरवर करू नये, असे मला मनापासून वाटते.

तुमच्या आकड्यांवरून उजव्या वूफरची स्प्रिंग डाव्याच्या जवळजवळ दुप्पट ताठ झाली आहे, कारण वस्तुमान तेच असेल तर ताठरता वारंवारतेच्या वर्गाने वाढते. बुरशी पाहता मला कडेपेक्षा स्पायडरचाच अधिक संशय आहे. स्पायडर म्हणजे राळेत भिजवून नाळ्या पाडलेले कापडच असते. ओल धरली की त्यात बुरशी आणि धूळ मिळून पापुद्रा बसतो. वूफर काही दिवस कोरड्या, हवेशीर खोलीत उभा ठेवावा, उन्हात ठेवू नये. मग मऊ कोरड्या ब्रशने, चौकटीच्या खिडक्यांतून, बुरशी नाळ्यांच्या दिशेने हलकेच झाडावी. पाणी, स्पिरिट, फवारा यांतले काहीही त्यावर मारू नये, राळ सुटली तर स्पायडर बसतो. झाडल्यानंतर १५ ते २० हर्ट्झचा स्वर मध्यम हालचाल दिसेल इतक्याच पातळीवर काही तास द्यावा आणि पुन्हा मोजावे. या व्यायामाने ताठरता काही अंशी उतरते.

तरीही आकडा ३५ च्या खाली आला नाही तर घाबरून जाऊ नये. बंद पेटीत हवेची स्प्रिंग प्रबळ असल्याने पेटीतला एकूण अनुनाद तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. वूफर बसवून दोन्ही पेट्यांचा अनुनाद याच पद्धतीने मोजला की खरी तफावत कळेल. ऐकण्याच्या दृष्टीने सांगायचे तर काळी एकच्या षड्जाला लावलेल्या तानपुऱ्याचा खरज सुमारे ६९ हर्ट्झवर येतो. दोन्ही पेट्यांतून तो सारख्या भरीवपणाने येत असेल तर स्पायडर बदलण्याचे धाडस करण्याची गरज नाही. डग्ग्याचा घुमारा हीदेखील चांगली परीक्षा आहे, पण ती वडिलांच्या कानांवर सोपवावी. त्यांना त्या पेट्यांचा मूळ आवाज ठाऊक आहे.

अनगोळ_श्रोता

ट्वीटरविषयी: १९९० च्या सुमाराच्या अनेक डोम ट्वीटरच्या फटीत फेरोफ्लुइड, म्हणजे लोहकण मिसळलेले तेल, भरलेले असते. ते कॉइलची उष्णता मॅग्नेटकडे नेते. काही दशकांनी ते घट्ट होऊन डोमची हालचाल आवळते आणि ट्वीटर मंद होतो. डोम उघडण्याजोगा असेल तर मागचा मॅग्नेट सोडवून, ब्लॉटिंग पेपरच्या पट्टीने फट पुसून, त्याच प्रकारचे ताजे फेरोफ्लुइड मोजून घालता येते. अंदाजाने घातले तर जास्त होऊन बाहेर येते. मात्र त्याआधी क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासावेत. तेवढ्या वयाचे कपॅसिटर वाळलेले असण्याची शक्यता मोठी आहे, ते बदलणे ट्वीटर उघडण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे, आणि बरेचदा तेवढ्यानेच वरचा आवाज परत येतो.

वूफर परत आल्यावर जोडणी उलटी होऊ नये म्हणून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहावा. सेलचे धन टोक वूफरच्या धन टोकाला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. जेबीएलच्या जुन्या ड्रायव्हरांत हा संकेत उलटा होता, त्यामुळे दोन्ही वूफर एकाच दिशेने हलतात ना, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

पावसाळ्यात पेट्या बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळू नये, ओल आतच कोंडते. सुती चादर पुरे. माळ्यावर तर मुळीच ठेवू नयेत, कौलांखाली उन्हाळ्यात उष्णता आणि पावसाळ्यात ओल अशी दोन्ही बाधतात. रोज तासभर वाजवल्याने कॉइलच्या आसपासची ओल थोडी कमी होते आणि स्पायडरवर बुरशी धरायला वाव राहत नाही. ८ इंची पेटीला नळी असेल तर तिच्या आतल्या तोंडाशी बारीक जाळी लावावी, कारण झुरळे आणि पाली त्याच वाटेने आत शिरतात आणि झुरळे कोनाचा कागद व गोंद कुरतडतात.